इंटरव्ह्यूचा कोट

शिवणकाम करणाऱ्या बाईकडे दोन गोष्टी न मागता साठतात. एक चिंध्या आणि दुसरे किस्से! माप द्यायला माणूस हात पसरून उभा राहिला की करणार काय बिचारा? बोलतो. मी काही कुणाला खोदून विचारत नाही. आमचे हे म्हणतात, "नाही, तू फक्त टेप गळ्यात घालून अर्धा तास उभी राहतेस."

मी कराडची. मॅट्रिकला दोनदा बसले, तिसऱ्या वर्षी बोहल्यावर चढले. हे इकडे फॅक्टरीत मशिनिस्ट होते, म्हणून मी नेपरव्हिलला आले आणि एका ड्रायक्लीनरकडे आल्टरेशनला लागले. आमचं अपार्टमेंट तळमजल्यावर, खिडकी बरोबर पार्किंगवर उघडणारी. कोण आलं, किती बॅगा घेऊन आलं, कोण इंटरव्ह्यूला गेलं आणि कसं तोंड करून परत आलं, सगळं मला भांडी घासता घासता दिसायचं. आता खिडकी तिथे होती, त्याला मी काय करू!

तर त्या ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या मंदीतले हे किस्से.

*

आधी कोटाचं सांगते.

आमच्या मराठी मंडळीत एक नेव्ही ब्ल्यू कोट होता. कुणा एकाचा नव्हे, सगळ्यांचा! इंडियातून नवा माणूस आला आणि इंटरव्ह्यूचा कॉल आला की तो माझ्याकडे यायचा. मी कपाटातून कोट काढायची, त्याच्या मापाचा करून द्यायची. नोकरी लागली की कोट ड्रायक्लीन करून परत, आणि वर रिकोटा चीजचे पेढे. असा नियमच होता.

माझाही एक नियम होता. कोटाचं कापड कापायचं नाही. आखूड करायचं तर आत दुमडायचं. पुढचा माणूस जाडा असेल की बारीक, उंच की बुटका, काय सांगावं? त्यामुळे त्या बाह्यांवर सहा जणांच्या दुमडीच्या रेघा होत्या. सहाच्या सहा जणांना नोकऱ्या लागल्या. कोटाला गुण होता म्हणायचे लोक.

माझ्याकडे तो एका जोशी नावाच्या मुलाकडून आला. त्याला शिकागोत कुणीतरी दिला होता, त्या कुणालातरी आणखी कुणी. मूळ मालक कोण, काही पत्ता नाही. एकच खूण होती. आतला खिसा फाटला होता आणि कुणीतरी तो हिरव्या खणाचं ठिगळ लावून शिवला होता. टाके असे बारीक की मलाही जमणार नाहीत! उंची कोटाच्या पोटात ते खणाचं ठिगळ बरं दिसायचं नाही. दर वेळी वाटायचं, उसवून साधं अस्तर लावावं. पण हात धजायचा नाही. कुणा बाईनं डोळे फोडून शिवलंय, आपण कोण उसवणार?

*

मुकुंदराव शेंबेकर, त्यांची बायको सुलभा आणि दहा वर्षांची शिल्पा आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले तो दिवस मला चांगला आठवतो. सुलभाचा थोरला भाऊ डॉक्टर. त्यानंच स्पॉन्सर करून बोलावलं, तीन महिने बेसमेंटमध्ये ठेवलं आणि मग इथे आणून सोडलं. त्यांच्या बॅगा उघडायच्या आत मी पोह्यांचं पातेलं घेऊन वर पोचले. तेवढीच मदत!

मुकुंदराव उभे राहून नमस्कार करत म्हणाले, "मी मुकुंद शेंबेकर. उपअभियंता, पाटबंधारे विभाग, नागपूर."

मी म्हटलं, "भावोजी, बसा. इथे सगळे नुसते मुकुंद नाहीतर माझ्यासारखे शालन असतात."

एकोणीस वर्षं सरकारी नोकरी झालेली. वीस भरली की पेन्शनचा हक्क लागतो म्हणे. हे गृहस्थ एकोणिसाव्या वर्षी एक वर्षाची बिनपगारी रजा काढून अमेरिकेत! एकतीस मार्चला रजा संपणार. तोवर इथे आपल्या कामाची नोकरी लागली तर राजीनामा पाठवायचा. नाही लागली तर एक एप्रिलला नागपुरात हजर व्हायचं. वय चव्वेचाळीस.

मी विचारलं, "मग नोकरीचं काय?"

"होऊन जाईल ना वहिनी. डॉक्टरसाहेबांच्या फार ओळखी आहेत जी."

सुलभा पोहे काढून घ्यायला आत गेली. पातेलं रिकामं करून तिनं ते धुऊन माझ्या हातात दिलं.

*

ओळखी खरंच फार होत्या! गणपतीत डॉक्टरांकडे सत्तर माणसं जेवायला. मुकुंदरावांनी रेझ्युमेच्या वीस कॉप्या काढून सुलभाच्या कापडी पिशवीत घातल्या होत्या. आरती झाली, प्रसाद झाला आणि डॉक्टरांनी त्यांना एकेकाकडे नेलं.

"हे आमचे मेहुणे. इंजिनिअर आहेत. काही बघता आलं तर बघा."

"अरे, शुअर! द्या रेझ्युमे. बघतो."

एक हृदयवाले, दोन भूलवाले, एक मुलांचे, एक हाडांचे. डॉक्टरांच्या ओळखी सगळ्या डॉक्टरांशीच. यातल्या कुणाला कालवा खणून हवा होता?

पण मुकुंदराव घरी येताना गाडीत हिशेब करत होते. "अठरा गेल्या, शालनवहिनी. अठरा जण बघून राहिले!"

निघताना डॉक्टरांच्या बायकोनं उरलेले वडे डब्यात घालून दिले होते. घरी सुलभानं डबा उघडला. तळाशी तेल टिपायला कागद घातलेला. तिनं तो पटकन चुरगळून मुठीत धरला, पण मुकुंदरावांनी पाहायचं ते पाहिलं होतं. म्हणाले, "फेकू नको. दोन उरल्या होत्या, आता तीन झाल्या ना? एक परत आली."

*

मग दोन महिने फोनची वाट. फोन त्यांच्याकडे वाजला की मला खाली ऐकू यायचं, छत पातळ. मी मशीन थांबवून ऐकायची, काळजीपोटी!

एके दिवशी सकाळी वाजला आणि मुकुंदराव इंग्रजीत बोलताना ऐकू आले. "येस मॅडम. थँक्यू मॅडम. सो काइंड ऑफ यू, मॅडम." मी हातातली पँट टाकून वर धावले.

"कुठल्या कंपनीतून? काय म्हणाली?"

झालं होतं असं. मुकुंदरावांनी रेझ्युमे लिहिला होता तो आपल्या सरकारी अर्जाच्या धर्तीवर. वर वडिलांचं पूर्ण नाव, पुढे ते हयात नसल्याचं. मग उंची, विवाहित, एक कन्या, कार्यकारी अभियंत्यांनी दिलेला चांगल्या वर्तणुकीचा दाखला. कुणा डॉक्टरच्या पेशंटच्या ऑफिसात तो कागद पोचला आणि तिथल्या बाईला वाटलं, माणसाचे वडील वारलेत आणि तो नोकरी शोधत फिरतोय!

"म्हणे, आय अॅम सो सॉरी फॉर युवर लॉस. मी सांगितलं, मॅडम, बावीस वर्षं झाली."

"आणि नोकरी?"

"जागा नाही म्हणे. पण बाई फार चांगली होती."

दोन महिन्यांत एक फोन, तोही समाचाराचा!

*

शेवटी आमचे हे म्हणाले, "माझी ओळख फोरमनपर्यंतच आहे. चालत असेल तर बघा." आमच्या अख्ख्या मंडळीत "बघतो" म्हणून खरंच बघणारा हा एकच माणूस, पण त्याची ओळख पॅकिंग डिपार्टमेंटची.

मुकुंदराव सर्टिफिकेटांची फाइल घेऊन गेले. ओरिजिनल, प्लास्टिकमध्ये. फोरमननं फाइल न उघडता बाजूला ठेवली आणि हातात टेपगन दिली. खोकी बंद करायची.

डॉक्टरांना कळलं तसे ते गाडी काढून आले. बूटही न काढता दारातच उभे. "भाऊसाहेब, तुम्ही काय करताय ते तुमचं तुम्ही बघा. पण चार लोकांत बोलू नका. मी सगळ्यांना इंजिनिअर म्हणून सांगितलंय. उद्या माझ्या शब्दाला काय किंमत राहील?"

त्यामुळे मंडळीत मुकुंदराव 'लुकिंग आहेत' आणि आठवड्याचे पाच दिवस खोकी!

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. फॅक्टरीच्या मागे, ट्रक लागतात त्या डॉकवर कायम पाणी साचायचं. दोनदा काँट्रॅक्टर येऊन गेला होता. मुकुंदरावांनी लंचमध्ये एका खोक्याच्या झाकणावर मार्करनं उतार काढला, आकडे टाकले, नळी कुठून फिरवायची ते दाखवलं. ह्यांनी भीत भीत फोरमनला नेऊन दिलं. आठ दिवसांत तसं काम झालं आणि डॉक कोरडं!

फोरमन इतका खूश झाला की सगळ्यांसमोर मुकुंदरावांच्या पाठीवर थाप मारली. "माइक, यू आर अ जिनियस!" आणि बक्षीस दिलं.

कंपनीचं नाव छापलेली टोपी.

मुकुंदराव ती घालूनच घरी आले. शिल्पा दारातच म्हणाली, "बाबा, प्लीज टेक इट ऑफ." त्यांनी काढली आणि खिळ्याला लावली. पुन्हा कधी घातली नाही.

*

एक फोटो काढला होता. तो माझाच आगाऊपणा. म्हटलं, इंटरव्ह्यू येईल तेव्हा येईल, कोट तर घालून बघा. माप घेतलं, बाह्या दुमडल्या आणि ह्यांनी पार्किंगमध्ये फोटो काढला. मागे कुणाची तरी लांबलचक पांढरी गाडी. फोटो नागपूरला गेला, मुकुंदरावांच्या आईच्या समाधानासाठी.

महिन्याभरात एअरमेलची जाड पाकिटं यायला लागली. एका भाच्याचा बायोडाटा. ऑफिसातल्या हेडक्लार्कच्या जावयाचा बायोडाटा. शेजारच्या मुलाचा, सोबत त्याच्या आईचं पत्र: "तुमची आता तिकडे ओळख झालीच असेल, आमच्या पोराचंही काही बघावं."

सुलभा चिडली. "लिहा त्यांना खरं! खोकी बांधतो म्हणून लिहा!"

मुकुंदराव टेबलाशी बसले. तीन निळी एरोग्रॅम घेतली. तिघांना सुवाच्य अक्षरात एकच ओळ लिहिली. मी खांद्यावरून वाचली.

"बायोडाटा मिळाला. बघतो."

*

थंडी आली आणि तारखा पळायला लागल्या. सुलभानं स्वयंपाकघरात इंडियातलं कालनिर्णयासारखं एक भिंतीवरचं पंचांग लावलं होतं. त्यात एकतीस मार्चच्या चौकोनात काही लिहिलेलं नव्हतं, पण घरातलं कुणी त्या पानाकडे बघायचं नाही. एकदा मला म्हणाली, "ताई, माणूस घोरत असला तर झोपलाय हे तरी कळतं. हे आजकाल घोरत नाहीत."

फेब्रुवारीत आमच्या ड्रायक्लीनरकडे तीन पँटी आल्या. कंबर सैल करायची. चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि माझे कान उभे राहिले. आपलं मराठी आडनाव! दुकानाच्या मालकिणीला विचारलं तर म्हणाली, "बिग शॉट. पूल आणि धरणं बांधणाऱ्या फर्ममध्ये आहे, शिकागोला."

धरणं!

मी काय करावं? मुकुंदरावांचा रेझ्युमे, आता वडील आणि उंची काढून टाकलेला, घडी करून मधल्या पँटीच्या कमरेला टाचणीनं लावला. वर मराठीत चिठ्ठी: "साहेब, आगाऊपणाची माफी करा. माणूस सोन्यासारखा आहे. एकदा बघा. शिवणारी बाई."

ह्यांना सांगितलं तर हे ताटावरून उठले. "तुझी नोकरी जाईल आता!"

चौथ्या दिवशी मुकुंदरावांना फोन. बुधवारी, सकाळी दहा वाजता, शिकागोला.

*

मंगळवारी मी कोट मशीनवर घेतला. मुकुंदराव वाळले होते. शिवण आणखी दीड इंच आत घ्यावी लागली. खिशातलं ते हिरवं ठिगळ पुन्हा डोळ्यांना खुपलं. एवढा मोठा साहेब, एवढी मोठी फर्म. कात्री हातात घेतली होती मी. पण मग म्हटलं, सहा जणांना लाभलाय, आज कशाला छेडा? राहू दे.

बुधवारी सुलभानं त्यांच्या हातावर दही घातलं. जाड जाकिटाखाली कोट चुरगळेल म्हणून ते त्यांनी घातलंच नाही. नुसत्या कोटावर मफलर गुंडाळून ट्रेनला गेले. पहाटेपासून बर्फ पडत होतं.

मी त्या दिवशी कामावर गेले नाही. सुलभा खाली माझ्याकडेच येऊन बसली. दोघी खिडकीशी. तिनं तांदूळ निवडायला घेतले होते. इथल्या पिशवीतल्या तांदळात खडा औषधालाही नसतो, पण निवडत होती.

तीनच्या सुमाराला पार्किंगमध्ये एक माणूस चालत येताना दिसला. अंगात उंटाच्या रंगाचा उंची ओव्हरकोट, पार पोटऱ्यांपर्यंत. असा कोट मी फक्त दुकानात हँगरवर पाहिलाय. मी म्हटलं, हा कोण मोठा माणूस आपल्या बिल्डिंगीत?

सुलभा उठून उभी राहिली. तांदूळ सगळे जमिनीवर. "ताई! हे आहेत!"

आता असा कोट माणसाच्या अंगावर नोकरीशिवाय येतो का? सुलभा रडायलाच लागली. मी साखरेचा डबा काढला, देवापुढे वाटी ठेवली, दार उघडलं आणि मुकुंदराव आत यायच्या आधीच त्यांच्या तोंडात साखर घातली.

त्यांनी ती खाल्ली. नाही म्हणाले नाहीत. मग खुर्चीवर बसून सांगितलं.

साहेबांनी तासभर चांगलं बोलणं केलं. नकाशे दाखवले, कालव्याचं विचारलं. मुकुंदरावांनी सगळं बरोबर सांगितलं. साहेब म्हणाले, इथे एक सही करा. मुकुंदरावांनी पेन काढायला कोट उघडला.

"आणि साहेब बोलता बोलता थांबले, वहिनी. आत्तापर्यंत सगळं इंग्रजीत. एकदम मराठीत म्हणाले, हा कोट कुठून आणलात?"

"मग?"

"सांगितलं मी खरं. मंडळीचा आहे म्हटलं, ज्याला इंटरव्ह्यू असतो तो घालतो. त्यांनी हात पुढे केला. मी काढून दिला. त्यांनी तो खिसा उलटा केला आणि त्यावरून बोट फिरवत बसले. म्हणाले, इंडियातून निघायच्या आदल्या दिवशी आईनं स्वतःच्या चोळीचा तुकडा लावून दिला होता. मी इथे नवा कोट घेतल्यावर हा देऊन टाकला. मग म्हणाले, हा मला द्याल का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, साहेब, बाहेर बर्फ आहे."

मुकुंदरावांनी मफलर सोडून मांडीवर ठेवला.

"तर ते उठले. खुंटीवरचा स्वतःचा ओव्हरकोट काढला आणि माझ्या अंगात घातला. बटणंसुद्धा त्यांनीच लावली. लहान पोराची लावतात तशी."

सुलभा म्हणाली, "आणि नोकरी?"

"विचारायला जमलं नाही ना, सुलभा. माणूस रडून राहिला होता."

"काहीच म्हणाले नाहीत?"

"म्हणाले. लिफ्टपर्यंत सोडायला आले तेव्हा."

"काय?"

"बघतो."

*

फोन आला नाही. साहेबांच्या पँटीही त्यानंतर कधी आमच्या दुकानात आल्या नाहीत. दुसरा ड्रायक्लीनर धरला असणार. मंडळीत नवी मुलं यायची, कोट मागायची. मी सांगायची, गेला. आजही पँट उसवताना मधेच मनात येतं, मंगळवारी कात्री हातात होती माझ्या. ते ठिगळ काढलं असतं तर सही तरी पुरी झाली असती.

एकतीस मार्चच्या तीन दिवस आधी शेंबेकर परत गेले. विमानतळावर डॉक्टर आले होते, घड्याळ बघत होते. बॅगा वजनात बसेनात, म्हणून मुकुंदरावांनी तो ओव्हरकोट अंगातच घातला. त्या कोटात, शिल्पाचा हात धरून, ते मागे न बघता आत गेले.

मेमध्ये सुलभाचं पत्र आलं. नागपुरात उन्हाचा कहर आहे, माठाचं पाणीसुद्धा कोमट होतंय. शिल्पाला मराठी शाळेत घातलं, ती वर्गात कुणाशी बोलत नाही. हे ऑफिसला जातात. यांच्या बढतीच्या जागेवर दुसरा माणूस बसलाय. आणि शेवटी लिहिलं होतं:

"ताई, तो ओव्हरकोट यांनी बाहेरच्या खोलीत खुंटीला लावलाय. मी पेटीत ठेवते म्हटलं तर ऐकत नाहीत. पोरं अजून बायोडाटा घेऊन येतात, आली की कोटाला हात लावून बघतात. हे कुणाला ना म्हणत नाहीत. कागद घेतात, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवतात आणि सांगतात, तिकडे आपली एका मोठ्या माणसाशी ओळख आहे."